क्षमेचा प्रसंग इतका सोपा का झाला? ख्रिस्ती श्रद्धा पडद्यावर आणताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अंबाजोगाईचे, स्वतः ख्रिस्ती नाही, आणि वीस-बावीस मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लिहिताय. जालन्याच्या मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली एक नर्स बदनापूरजवळच्या गावात राहते. तिचा एकुलता एक मुलगा शेजारच्या पोराच्या ट्रॅक्टरखाली सापडून जातो, आणि शेवटी ती त्या पोराला माफ करते. शेवटच्या प्रसंगात ती चर्चमध्ये मेणबत्ती लावते, क्रूसावर उजेड पडतो आणि ती म्हणते, ‘माझ्या येशूनं मला माफ करायला शिकवलं.’ मित्र म्हणाले, प्रचारपट वाटतो. ओळखीच्या एका ख्रिस्ती बाईंनी वाचून ‘आमच्यात असं नसतं’ एवढंच सांगितलं, कसं असतं ते सांगितलं नाही. आता तुम्ही विचारताय की श्रद्धेचा भाग काढूनच टाकावा का.

काढू नका. तो काढला तर दुःखी आईची एक गोष्ट उरेल, आणि तशा गोष्टी आपल्याकडे पोत्यानं आहेत.

माझ्याबद्दल इतकंच की माझं आजोळ जालन्याचं, घर ख्रिस्ती, आणि पोटापाण्याचं काम दुसऱ्यांच्या पटकथा वाचून कुठं अडतंय ते सांगण्याचं. संभाजीनगरात चित्रपट रसास्वादाचे वर्गही घेते. त्यामुळे तुमचा खर्डा मी दोन्ही बाजूंनी वाचला.

मेणबत्ती आणि क्रूसावरचा उजेड खटकतो खरा, पण गोष्ट त्याच्या बरीच आधी घसरली आहे. अकराव्या पानावर बघा. मुलाला मूठमाती देऊन आल्यावर ती दोन दिवस रडते. तिसऱ्या दिवशी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येऊन बायबलातलं एक वचन वाचतात. चौथ्या दिवशी ती माफ करून मोकळी. श्रद्धा तिच्या मदतीला धावून येते आणि काम उरकून निघून जाते. प्रेक्षकाला प्रचाराचा वास येतो तो इथं. ज्यांच्या घरात ही श्रद्धा रोजची आहे त्यांना विचारा. ती आधी माणसाला अडचणीत आणते. जे द्यायची अजिबात इच्छा नाही नेमकं तेच मागते. तुमच्या नर्सकडून तिनं अजून काही मागितलेलंच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी उरकते. पहिली, प्रेक्षक कोण? चर्चच्या तरुण संघापुढे दाखवायचा असेल तर तुमचा शेवट आहे तसाही चालून जाईल. तिथं लोक त्या वाक्याला ‘आमेन’ म्हणायलाच बसलेले असतात, आणि त्यात वाईट काही नाही. गावोगावी पांढऱ्या कापडावर ‘दयासागर’ दाखवला जायचा. तो मूळचा १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’, हिंदीत डब केलेला. ज्यांनी ख्रिस्ताची कथा कधी ऐकलीच नाही त्यांना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, एवढंच त्याचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं. प्रचारपट म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तुम्हाला हा लघुपट महोत्सवांत आणि कॉलेजांत दाखवायचाय, म्हणजे समोर बसलेल्या बहुतेकांना ही श्रद्धा परकी असणार. त्यांच्यासाठी ती गृहीत धरता येणार नाही, घडताना दिसावी लागेल.

दुसरी गोष्ट पंथाची. पटकथेत नुसतं ‘ख्रिस्ती’ लिहून भागत नाही. जालना हा प्रॉटेस्टंटांचा जुना भाग. स्कॉटिश मिशनच्या काळात रेव्ह. नारायण शेषाद्री इथं आले आणि शहराजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्तीच वसवली. १९७० मध्ये बरेच प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तीच सीएनआय. वैजापूरकडे, घोगरगावच्या बाजूला गेलात तर कॅथलिक भेटतील. त्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ पासूनचा, आणि सप्टेंबरात तिकडची माणसं हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला जातात. उदगीरकडे मेथडिस्ट, तेही प्रॉटेस्टंटच. शिवाय आता जागोजागी पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र सभा, तिथं साउंड सिस्टिम दणक्यात, टाळ्या दणक्यात, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना.

तुमची नर्स मिशन दवाखान्यातली, जालन्याची. म्हणजे बहुधा सीएनआयची. आणि नवव्या पानावर ती कन्फेशन बॉक्समध्ये, म्हणजे पापांची कबुली द्यायच्या खोक्यात, फादरपुढे गुडघे टेकते. सीएनआय चर्चमध्ये तो खोका नसतो. तिथं पाळक असतात. त्यांना बायको-मुलं असतात, आणि एरवी ते पँट-शर्टात मोटारसायकलवर फिरतात. मरियेची मूर्ती आणि तिच्यापुढची मेणबत्ती हेही कॅथलिक घरातलं. ‘आमच्यात असं नसतं’ म्हणणाऱ्या बाईंना पहिला खडा इथंच लागला असणार. मन मोकळं करण्याचा प्रसंग हवाच असेल तर तो पाळकांच्या घरी ठेवा. आत पाळकीणबाई चहा टाकतायत, टीव्ही अर्धवट आवाजात चालू आहे, आणि या बाईला जे बोलायचंय ते बोलता येत नाहीये. खोक्यातल्या अंधारापेक्षा हे जास्त अवघड आणि जास्त खरं.

हा खोका तुमच्या डोक्यात कुठून आला तेही मला ठाऊक आहे. हिंदी सिनेमानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मुंबई-गोव्याचा कॅथलिक बसवून ठेवलाय. ‘अनाडी’तली (१९५९) ललिता पवारांची मिसेस डिसा, ‘बॉबी’तला (१९७३) प्रेमनाथांचा जॅक ब्रगांझा, ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) अँथनी. माणसं गोड आहेत, मलाही आवडतात. पण फ्रॉक, बाटली, ‘माय सन’ म्हणणारा फादर आणि मागं वाजणारी घंटा हे एवढं सामान घेऊन मराठवाड्यात उतरलं की सगळं खोटं पडतं. तुम्ही नर्सचं नाव मेरी ठेवलंय, आडनावच दिलेलं नाही. या भागात त्या वयाची बाई रूथबाई साळवे असेल, सुशीला गायकवाड असेल, शांता भालेराव असेल. गावात तर तिला सगळे ‘सिस्टरबाई’च म्हणणार. बोलायची ती जालन्याचंच, ‘काय करू राह्यला रे’ असं. फक्त प्रार्थनेला डोळे मिटले की तोंडातून बायबलची जुनी मराठी यायला लागते. हा सांधा नटीला नीट सांभाळता आला तर तिच्या ख्रिस्तीपणाबद्दल वेगळं काही सांगावं लागणार नाही.

रविवारची उपासना एकदा शेवटपर्यंत बसून बघा. चपला बाहेर. गावाकडच्या चर्चमध्ये बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, बऱ्याच ठिकाणी सतरंजीवरच. पेटी आणि तबला, क्वचित ढोलकी. बायांच्या डोक्यावर पदर, मांडीवर ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक, आणि बायबल चेनच्या कव्हरात नाहीतर कापडी पिशवीत. त्या पिशवीत बायबलसोबत काय काय असतं ते बघण्यासारखं आहे: चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, दानाच्या पाकिटात घडी करून ठेवलेली नोट, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. गाणी ऐकलीत तर रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं ऐकाल आणि चमकाल, कारण ती वारकऱ्याच्या कानाला जराही परकी वाटत नाहीत. घरात पाहाल तर भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, आणि काही घरांत येशूच्या तसबिरीशेजारी बाबासाहेब.

बाबासाहेबांची ती तसबीर तुमच्या गोष्टीच्या आतपर्यंत जाते, म्हणून जरा थांबते. मराठवाड्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं दलित जातींतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्तींना मिळाला नाही. तेव्हा गावात या बाईचं स्थान काय? आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्या घराचं काय? तुम्ही यावर एक ओळही लिहिलेली नाही. पण प्रेक्षक गावचाच असेल तर त्याच्या डोक्यात हे गणित पहिल्या मिनिटाला सुटलेलं असतं. कमजोर माणसानं बलदंडाला माफ केलं तर त्याला गावात माफी म्हणत नाहीत. ‘काय करणार बिचारी’ म्हणतात. मग तुमचा शेवट कितीही उजेडात न्हाऊ घाला, तो लाचारीचाच दिसणार.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी की तिच्या हातात काहीतरी द्या. माफ न करण्याची ताकद तिच्याकडे असली पाहिजे. तुमच्याच गोष्टीत ती सहज देता येते, कारण अपघात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तुम्ही ते रडण्यासाठी वापरलंय, मी ते कोर्टासाठी वापरीन.

कायद्याची बाजू थोडक्यात. निष्काळजीपणानं मृत्यू घडवणं हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमात आलाय आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तडजोडीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत तो बसत नाही. म्हणजे आईनं माफ केलं म्हणून खटला संपत नाही. नुकसानभरपाईचा दावा आणखी वेगळा, तो मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो. मग गावात ‘मिटवून घेतलं’ म्हणतात ते काय? साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून ‘मला काही दिसलं नाही’ म्हणायचं, एवढंच.

आता तुमची गोष्ट या जागेवरून परत बघा. सरपंच आणि पोलीस पाटील सिस्टरबाईंच्या ओसरीवर येऊन बसतात. बोलणं गोडच. ‘बाई, पोरगं लहान आहे, आयुष्य बरबाद होईल. आणि तुमच्यात तर माफ करतात ना? तुमच्या देवानं क्रूसावर माफ केलं होतं म्हणतात.’ तिचीच श्रद्धा तिच्यासमोर धरून तिच्याकडून खोटी साक्ष मागतात. आणि तिच्या त्याच बायबलात दहा आज्ञांमध्ये स्पष्ट लिहिलंय की शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तिचा मुलगा तर गेला. आता त्याच्या मरणाबद्दल खोटं बोलायचं? एकीकडे क्षमा करायची, दुसरीकडे खरंही बोलायचं, आणि दोन्ही करायला तिला एकच देव सांगतोय. ही अडचण ख्रिस्ती आहे. ती कुठल्याही दुःखी आईची नाही, याच बाईची आहे. ती कोर्टात खरं सांगते, पोराला शिक्षा होऊ शकते हे माहीत असून सांगते, आणि तरी त्याला माफ करते असं तुम्ही दाखवू शकलात, तर एकाही पात्राला येशूचं नाव घ्यावं लागणार नाही. कशी माफ करते ते मी सांगणार नाही, ते तुमचं काम. त्याच्या डब्याची सोय करते का, त्याच्या आईशी बोलायला लागते का, कोर्टाच्या तारखेला त्याच्याच बापाच्या जीपमधून जावं लागतं का, हे तुम्ही तुमच्या बाजूनं शोधा. ख्रिस्ती विचारात क्षमा आणि न्याय एकमेकांना पुसून टाकत नाहीत. दोन्हींची किंमत कुणीतरी चुकवावी लागते, आणि क्रूस म्हणजे ती चुकवल्याची गोष्ट. तुमच्या खर्ड्यात अजून कुणीच काही चुकवलेलं नाही.

याच सूत्राचे सिनेमे बघायचे तर दोन सांगते. एक, फ्रेंच दिग्दर्शक झाविए बोव्हुआ यांचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ (२०१०). अल्जीरियातल्या एका मठातले फ्रेंच संन्यासी, आजूबाजूला दहशत वाढत चाललीय, राहायचं की निघून जायचं हे त्यांना ठरवायचंय. घटना खरी आहे. १९९६ मध्ये त्यांचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. सिनेमाचा मोठा भाग काय आहे? टेबलाभोवती बसून बोलणं. एकाला भीती वाटते, एक म्हणतो मी मरायला संन्यासी झालो नव्हतो, गावातली मुसलमान माणसं म्हणतात तुम्ही गेलात तर आमचं कोण. डोक्यावर लष्कराचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं तेव्हा ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून स्तोत्र म्हणायला लागतात. तुमच्या ओसरीवरच्या बैठकीसाठी हा सिनेमा दोनदा बघा.

दुसरा आपल्याकडचा, लिजो जोस पेल्लिसेरींचा मल्याळम ‘ई.मा.यौ.’ (२०१८). केरळच्या किनाऱ्यावरचा गरीब कॅथलिक म्हातारा मरतो. मुलानं बापाला थाटाची अंत्ययात्रा कबूल केलेली असते. हातात पैसा नाही, वर धो धो पाऊस, आणि चर्चच्या फादरला मृत्यूचाच संशय, तो पुरू द्यायला तयार नाही. शेवटी मुलगा अंगणात स्वतः खड्डा खणतो. हसू येतं, संताप येतो, आणि एकाही प्रसंगात दिग्दर्शक आपल्याला ‘बघा, किती श्रद्धाळू माणसं’ असं सांगत नाही. तुमच्या दफनाच्या प्रसंगात सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत उभे आहेत. पेटी कुणी बनवली, गावात ख्रिस्ती दफनभूमीला जागा आहे की जालन्याला न्यावं लागलं, खड्डा कुणी खणला, पाळक उशिरा का आले, काहीच नाही. यातलं एक जरी आलं तरी प्रसंग जमिनीवर येईल.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत: पंथ ठरवा म्हणजे निम्मी सजावट आपोआप गळेल. आणि क्षमा तिला नको असताना, तिच्या हातात दुसरा मार्ग असताना येऊ द्या.

आता प्रार्थनेबद्दल, कारण तुमचा खास प्रश्न होता की प्रार्थना पडद्यावर नाटकी का वाटते. बहुतेक पटकथांत पात्र प्रार्थनेतून प्रेक्षकाला माहिती देत असतं. ‘हे प्रभू, तू माझा एकुलता एक मुलगा नेलास...’ देवाला ते माहीत आहे, ती हे आपल्यासाठी बोलतेय. असलं काही लिहू नका. तिला तीच प्रार्थना म्हणू द्या जी सगळी मंडळी दर रविवारी म्हणते, प्रभूची प्रार्थना. त्यात एक ओळ येते: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ लहानपणापासून पाठ असलेली, जिभेवरून आपोआप घसरणारी ओळ. अपघातानंतरच्या पहिल्या रविवारी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर ठेवा. सगळी मंडळी एका सुरात म्हणतेय. ‘आमची रोजची भाकर’पर्यंत तिचे ओठ हलतायत. मग थांबतात. बाकीचे म्हणत राहतात, आवाज तिच्या बाजूनं पुढं निघून जातो, आणि ‘आमेन’लाही ती तोंड उघडत नाही. शेजारची बाई डोळे मिटलेलेच ठेवते, पण तिच्या लक्षात आलंय. बस. यावर संवाद नको, पार्श्वसंगीत तर मुळीच नको. पुढच्या प्रसंगांत ती रविवारी यायचीच बंद झाली तरी चालेल, किंवा येऊन दर वेळी त्याच जागी गप्प होत राहिली तरी चालेल. ती ओळ तिच्या तोंडून परत कधी निघते, कोर्टाच्या आधी की नंतर, की निघतच नाही, यावर तुमचा लघुपट उभा राहील. शूटिंगच्या दृष्टीनंही हे स्वस्त पडतं, क्रूसावर पाडायचा तो दिवा भाड्यानं आणायला नको.

ती प्रार्थना म्हणू शकत नाही म्हणजे तिची श्रद्धा गेली, असं तुमचे काही प्रेक्षक म्हणतील. म्हणू द्या. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन स्वतः पाळकाचा मुलगा, आणि त्याच्या ‘विंटर लाइट’मध्ये (१९६३) पाळकालाच देव जाणवेनासा झालाय. जगात आता काय होणार या भीतीनं खचलेला एक कोळी त्याच्याकडे येतो, आणि पाळक त्याला धीर द्यायचा सोडून स्वतःच्याच शंका ऐकवत बसतो. तो माणूस जाऊन जीव देतो. आपल्या भागात, जिथं कर्जापायी खचलेला शेतकरी कुठल्याही धर्मगुरूच्या दारात येऊ शकतो, तिथं हा प्रसंग बघताना अंगावर येतो. त्यातच चर्चचा एक पाठीच्या दुखण्यानं वाकलेला सेवक आहे. तो म्हणतो की ख्रिस्ताच्या शरीराच्या वेदना तशा थोड्या तासांच्या होत्या. सगळ्यांनी सोडून जाणं आणि देवही गप्प बसणं, ते जास्त असह्य असेल. सिनेमा संपतो तेव्हा चर्च जवळजवळ रिकामं आहे आणि तरी पाळक उपासना सुरू करतो. आता ही श्रद्धा की नुसती सवय? बर्गमन सांगत नाही. ख्रिस्ती प्रेक्षक यानं दुखावतो असा अनेकांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ज्यांनी दुपारभर बसून क्रूसावरच्या येशूच्या ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या वचनावर प्रवचन ऐकलंय, त्यांना देवाचं गप्प बसणं नवीन नसतं. त्यांना राग येतो तो फुकटच्या चमत्काराचा.

आणि ‘मी ख्रिस्ती नाही, मला हक्क आहे का’ ही शंका. ख्रिस्ताच्या जीवनावरचे जे सिनेमे टिकले त्यांत इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा (बायबलातल्या येशूच्या चरित्रावरचा) सिनेमा (१९६४) फार वर आहे, आणि तो माणूस नास्तिक, मार्क्सवादी. त्यानं दक्षिण इटलीतल्या मातेरासारख्या गरीब डोंगरी गावात शूटिंग केलं, नट घेतले नाहीत, गावातली माणसं घेतली. येशू झाला अर्थशास्त्र शिकणारा एक स्पॅनिश विद्यार्थी, आणि म्हातारपणीची मरिया झाली पासोलिनीची स्वतःची आई. क्रूसाखाली ती रडते तेव्हा नटीचं रडणं दिसत नाही. उन्हानं रापलेले, दात पडलेले ते चेहरे बघताना मला दर वेळी वाटतं की हा सिनेमा आष्टी-पाटोद्याकडेही होऊ शकला असता. आणि हेही बघा की आपल्याकडे सिनेमाच मुळी दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला, आणि असेच आपले राम-कृष्ण पडद्यावर का येऊ नयेत असं त्यांच्या मनानं घेतलं, तिथून सुरू झाला. पुढं १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’. तेव्हा हक्काचं काही मनावर घेऊ नका. मेहनतीचं घ्या.

तेजाबद्दल एक छोटी गोष्ट, कारण तुम्हाला तो उजेड सोडवत नाहीये असं दिसतं. हॉलिवूडच्या ‘बेन-हर’मध्ये (१९५९) येशूचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही. तहानेनं मरायला टेकलेल्या कैद्याला तो पाणी पाजतो, रोमन अंमलदार दरडावत येतो, आणि त्याच्याकडे बघून त्या अंमलदाराचे शब्दच आटतात. आपण फक्त त्या अंमलदाराचा चेहरा बघतो. म्हणून तुमचा शेवट चर्चमध्येच हवा असेल तर असू द्या, पण कॅमेरा क्रूसाकडून काढून माणसाकडे वळवा. कुणाकडे, ते तुम्ही ठरवा.

व्यवहाराचं थोडं. चर्चमध्ये शूटिंगला नुसतं पाळकांना विचारून होत नाही, सीएनआयमध्ये चर्चचा कारभार बघणारी पास्टरेट कमिटी असते, तिला अर्ज द्या आणि पटकथा सोबत द्या. लपवाछपवी केलीत तर अर्ध्या दिवसात काम बंद पडेल. चालू उपासनेत, विशेषतः प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी कॅमेरा लावू नका. शनिवारी मंडळीतल्याच लोकांना बोलावून प्रसंग उभा करा, ते येतात, उलट हौसेनं येतात. आणि खर्डा पक्का होण्याआधी त्या ओळखीच्या बाईंसमोर तो मोठ्यानं वाचा. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, त्या चांगलंच म्हणतील. ‘ही बाई तुमच्या मंडळीत असती तर लोक तिच्याबद्दल काय बोलले असते?’ असं विचारा, आणि वही उघडून बसा. धाराशिवच्या साहित्य संमेलनाला २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला होता, तसा तुम्हालाही दोन्ही बाजूंनी एखादा फोन येईल. आला तर पटकथा वाचून बोलायला सांगा. न वाचता बोलणारा सहसा तिथंच थांबतो.

पुढचा खर्डा लिहाल तेव्हा कोर्टाचा प्रसंग आधी लिहा, चर्चचा सगळ्यात शेवटी. आणि त्या पोराला नाव द्या. आत्ता तो सगळीकडे ‘ट्रॅक्टरवाला पोरगा’ एवढाच आहे. त्याचं वय, शाळा कितवीला सोडली, त्याच्या आईचं आणि सिस्टरबाईंचं आधीचं जाणं-येणं, गावात नर्स एकच म्हटल्यावर त्याच्या जन्माच्या वेळी दिवा धरून कोण उभं होतं, एवढं एका पानावर लिहून पाठवा. मग ओसरीवरच्या बैठकीचं बोलू.